नाहीच्या खोलीतलं बिऱ्हाड

सभागृहाला आत दोन दारं होती. सभापतींच्या उजव्या हाताला हो-दार, डाव्या हाताला नाही-दार. पद्धत साहेबलोकांनी घालून दिलेली. कुठलाही ठराव आला की हात वर करायचा नाही, चिठ्ठी टाकायची नाही. सरळ उठायचं आणि आपलं मत असेल त्या दारातून आत जायचं. आत लांबलचक खोली. खोलीच्या त्या टोकाला दुसरं दार, तिथून पुन्हा सभागृहात यायचं. बाहेर येताना दारावरचा शिपाई डोकी मोजणार आणि आकडा ओरडून सांगणार. आत गेलेला मोजायचा नाही, बाहेर आलेला मोजायचा. कारण म्हणे, माणसाचं मन खोलीच्या मध्यावरसुद्धा बदलू शकतं. आता मन बदललेल्या माणसाने जायचं कुठे, कारण मागे फिरायला तर बंदी, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. साहेबलोक बऱ्याच गोष्टी न सांगताच गेले.

तर आपला गडी या नाही-दाराचा शिपाई. त्याचं खरं नाव कुठेतरी कागदावर असेल, पण सगळी इमारत त्याला नाहीवाला म्हणायची. त्याच्या आधी त्याचा बाप नाहीवाला होता. आणि गंमत अशी, की बापाच्या आणि लेकाच्या अख्ख्या नोकरीत त्या दारातून एकही सभासद आत गेला नव्हता.

जाणार कसा? साहेबलोकांच्या काळात सभासद साहेबलोकच नेमायचे. अधूनमधून दर्यापारहून एक समिती यायची, इथली माणसं रांगेत नीट उभी राहतात का, बोलताना एकमेकांना मधेच तोडतात का, ते बघायची आणि लिहून जायची, "लोक अजून तयार नाहीत." मग साहेबलोक गेले आणि जनरलसाहेब आले. त्यांनी सभागृह बंद केलं नाही हं. छे! उलट नवीन खुर्च्या आणल्या. फक्त पहिल्याच भाषणात सांगितलं, "निवडणुका होणार म्हणजे होणारच. लोक तयार झाले की मीच सांगेन." त्या दिवसापासून सगळे सभासद हो-दारातून जायचे. तिथला शिपाई, होवाला, संध्याकाळी सुजलेले पाय पाण्यात घालून बसायचा आणि नाहीवाल्याला म्हणायचा, "तुझी मजा आहे लेका. बसून पगार."

मजा होती हे खरं. पण ती पगाराची नव्हती, खोलीची होती.

झालं होतं असं, की नाहीवाल्याच्या बापाचं लग्न ठरलं आणि राहायला जागा नव्हती. तो बिचारा जनरलसाहेबांच्या सचिवापुढे हात जोडून उभा राहिला. सचिवाने विचारलं, "तुझ्या दारामागे काय आहे?" बाप म्हणाला, "काही नाही साहेब, रिकामी खोली." सचिव म्हणाला, "मग राहा की. कोणाला कळता कामा नये, एवढं बघ." लिहून काही दिलं नाही. लिहायचं तरी काय, की विरोध करायची जागा शिपायाला संसार करायला दिली?

नाहीवाल्याचा जन्म त्याच खोलीतला. हिरव्या कातडी बाकांवर तो झोपायला शिकला. भिंतीवर जुन्या लाटसाहेबांच्या तसबिरी होत्या, त्यांच्या खिळ्यांना दोरी बांधून कपडे वाळत घालायचे. मतं मोजायला उभं राहायचा संगमरवरी ओटा होता, त्यावर चूल आली, मग स्टोव्ह, मग गॅस. मागच्या अंगणात उघडणारं एक बुटकं मोरीचं दार होतं, सगळं घर तिथूनच ये-जा करायचं. आणि पलीकडच्या टोकाचं ते बाहेर पडायचं दार होतं ना, त्याला आधी कपाट लावलं, मग कपाटाला टेकून पिंपं आली, आणि शेवटी, आईचे गुडघे गेले तेव्हा, त्या सगळ्याच्या पुढे आईची खाट आली.

एकच अडचण होती. भिंतीपलीकडे देशाचा कारभार चालायचा. सगळं हळू बोलायचं. भांडण हळू, हसणं हळू, पोरीला फटका द्यायचा तो पण हळू. नाहीवाल्याच्या बायकोला तर इतकी सवय लागली की बाजारात भाजीवालीशी घासाघीससुद्धा कुजबुजत करायची, आणि भाजीवालीला वाटायचं काहीतरी चोरीचा व्यवहार चाललाय. एकदा जनरलसाहेबांचं भाषण ऐन रंगात आलं असताना तिच्या कुकरने शिट्टी दिली. सगळं सभागृह गार! जनरलसाहेबांनी मान वळवली. "कोण?" सभासदांनी एकमेकांकडे बघितलं. नाहीवाला दारापाशी उभा. दुसरी शिट्टी झाली. तेव्हा सभापती उठले आणि म्हणाले, "कारखान्याचा भोंगा आहे, महामहिम. कामगार पाठिंबा देताहेत." टाळ्या पडल्या. त्या राजवटीत सभागृहात झालेला विरोध काय तो तेवढाच.

आईचं दुःख मात्र वेगळं होतं. तिला हळू बोलायचा त्रास नव्हता, तिला पाहुण्यांची हौस होती. माहेरी म्हणे दिवसभर माणसांची वर्दळ. इथे आली नवी नवरी होऊन, आणि नवऱ्याने पहिल्याच दिवशी सांगितलं, कोणाला बोलवायचं नाही. तिने बारा कपांचा संच आणला होता, निळ्या फुलांचा. तो कपाटात गेला तो तिथेच राहिला. वर्षातून दोनदा ती कप काढायची, धुवायची, पुसायची आणि परत ठेवायची.

"माझ्या घराची पायरी कोणी चढलं नाही," ती म्हणायची. "मेले तर खांदा द्यायला तरी कोणाला बोलावशील का रे?"

"आई, हळू."

मग एक दिवस जनरलसाहेब हवापालटाला परदेशी गेले आणि बरोबर खजिनाही हवापालटाला नेला. चौकाचौकात माणसं जमली. कोणीतरी म्हणालं निवडणूक, आणि खरंच निवडणूक झाली! नाहीवाला पहाटेपासून रांगेत होता. बोटाला शाई लागली तेव्हा त्याला भडभडून आलं. ती शाई जाऊ नये म्हणून त्याने त्या हाताने भांडी घासणं बंद केलं. बायको म्हणाली, "अहो, शाई गेली म्हणून मत परत घेत नाहीत." पण नाही म्हणजे नाही. लोकशाहीवर त्याचं मनापासून प्रेम बसलं होतं. विरोध असावा, विरोधाशिवाय लोकशाही कसली, असं तो होवाल्याला तावातावाने सांगायचा. फक्त तो विरोध आपल्या स्वयंपाकघरातून जाऊ नये, एवढीच त्याची इच्छा होती.

आणि ती इच्छा पूर्ण होत होती. नवे राष्ट्राध्यक्ष लोकांचे लाडके. नवे सभासद नवलाईने भारावलेले. ठराव आला की सगळे हो-दाराकडे, आणि होवाल्याचे पाय पुन्हा सुजले. नाहीवाल्याचा जीव भांड्यात.

दोन वर्षांनी राष्ट्राध्यक्षांनी तयारी विधेयक आणलं. मजकूर साधा होता. देशाने खूप सोसलं आहे, लोक दमले आहेत, तेव्हा पुढची निवडणूक लोक पूर्ण तयार झाल्यावर घ्यावी. लोक तयार झाले की नाही हे कोण ठरवणार? राष्ट्राध्यक्ष. आणि राष्ट्राध्यक्ष कोण हे कोण ठरवणार? तर लोक, पण तयार झाल्यावर.

या वेळी मात्र व्हरांड्यात कुजबुज सुरू झाली. कुजबुज म्हटल्यावर आपल्या गड्याला लगेच कळली, त्यात त्याचा जन्म गेला होता. दुपारी एक सभासद त्याच्या स्टुलापाशी येऊन थांबल्या. निवृत्त शाळामास्तरीण, सगळे त्यांना बाई म्हणायचे.

"काय हो, हे दार उघडतं ना?" बाईंनी विचारलं.

"दार ना? हो, म्हणजे, दारच आहे ते."

"मी विचारलं, उघडतं का?"

"कुलूप जरा जुनं आहे, बाई. कोणी कधी गेलंच नाही."

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. ज्या पोराने गृहपाठ केलेला नाही त्याच्याकडे बघावं तसं. "तेल घाला," त्या म्हणाल्या आणि गेल्या. त्याच वेळी आतून कांदा परतल्याचा वास आला. बाई दोन पावलं टाकून थबकल्या, पण मागे वळल्या नाहीत.

तासाभरात राष्ट्राध्यक्षांच्या सचिवाचं बोलावणं आलं. सचिव तरुण होता, गोड बोलायचा. त्याने खुर्ची दिली, आणि खुर्ची दिली म्हटल्यावर नाहीवाल्याचं धाबं दणाणलं.

"आम्हाला सगळं माहीत आहे," सचिव म्हणाला. "घाबरू नका. राष्ट्राध्यक्षांना गरिबांची कणव आहे. मतदानाच्या दिवशी ते दार समजा उघडलंच नाही, तर ती खोली तुमच्या नावावर. कायमची, कागदोपत्री, शिक्क्यासकट."

"आणि उघडलं तर?"

"तर काय, आत काय आहे ते सगळा देश बघेल. मग तुमचं तुम्ही बघा."

घरी येऊन त्याने सांगितलं तेव्हा बायको मटकन बाकावर बसली. या खोलीशिवाय त्यांना जगात जागा नव्हती. शहरात भाडी अशी होती, की त्याच्या पगारात फार तर एखाद्या घराच्या खिडकीत उभं राहता आलं असतं. "अहो, यात विचार काय करायचाय?" ती कुजबुजली. "चावी हरवली म्हणा. पाया पडते तुमच्या."

आई खाटेवरून म्हणाली, "म्हणजे माणसं येणार आहेत?"

"येणार नाहीत, आई. येऊ द्यायची नाहीत."

"किती असतील?"

"आई!"

"कप बाराच आहेत," आई म्हणाली आणि विचारात पडली.

मतदानाच्या दिवशी त्याने चावी आतल्या खिशात, छातीपाशी ठेवली. मनाशी पक्कं होतं, हरवली म्हणायचं. सभागृह खच्चून भरलेलं. राष्ट्राध्यक्ष स्वतः समोरच्या खुर्चीत, बाजूला सचिव. सभापतींनी घंटा वाजवली आणि टेबलावरचं वाळूचं घड्याळ उलटं केलं. वाळू संपायच्या आत जो बाहेर आला तो मोजायचा, हा नियम.

माणसं उठली. बरीचशी उजवीकडे वळली. आणि मग डावीकडेही वळली! पुढे बाई, मागे औषधांच्या दुकानाचे मालक, त्यांच्यामागे दोघे वकील, एक दाढीवाले कवी, अशी ही रांग. नाहीवाल्याने उभ्या नोकरीत इतकी माणसं आपल्या बाजूला पाहिली नव्हती.

"दार उघडा," बाई म्हणाल्या.

त्याने उजवा खिसा चाचपला. डावा चाचपला. टोपी काढून टोपीत बघितलं. "चावी... इथेच होती... सकाळी तर..."

सचिव गालात हसला. वाळू पडत होती. सगळं सभागृह चिडीचूप. आणि त्या शांततेत दारामागून एक खणखणीत आवाज आला, सगळं आयुष्य साठवून ठेवल्यासारखा:

"अरे मेल्या, पाहुण्यांना दारात काय उभं केलंयस! आत घे त्यांना!"

राष्ट्राध्यक्ष खुर्चीतून अर्धवट उठले. सभापतींच्या हातून घंटा पडली. नाहीवाला लाजेने लालबुंद झाला. खोटं बोलणं वेगळं, पण भर सभागृहात आईने झापल्यावर माणूस दुसरं काय करणार? हात आपोआप छातीकडे गेला, चावी बाहेर आली, आणि दार करकरत उघडलं.

आत आवराआवर करून ठेवलेली लख्ख खोली. बायको ओट्याला पाठ लावून उभी, चेहरा पांढराफटक. बाई उंबऱ्यात थांबल्या, खाली पुसलेली फरशी बघितली, आणि काही न बोलता चपला काढल्या. मग औषधवाल्यांनी बूट काढले. मग सगळ्यांनीच. विरोधी मत द्यायला निघालेली माणसं नाही-दाराबाहेर जोडे ओळीत लावून मोजे सावरत आत शिरली.

"या, या," आई म्हणाली. ठेवणीतले कपडे घालून, केस विंचरून ती खाटेवर बसली होती. "बसा. लांबून आलात?"

"पलीकडूनच," दाढीवाले म्हणाले.

"चहा घेतल्याशिवाय कोणाला सोडणार नाही हं मी."

आता हे कोणाला सांगायचं? बाहेर वाळू पडते आहे, देशाचं पुढचं सगळं त्या वाळूवर, आणि इथे निळ्या फुलांच्या कपांतून चहा फिरतो आहे. कप बाराच, म्हणून पाळीपाळीने प्यायचा. वकिलाला जीभ भाजली. एक सभासद कपडे वाळत घालायच्या दोरीत अडकला, त्याच्या डोक्यावर पोरीचा शाळेचा फ्रॉक. एकाला खोलीच्या मध्यावर खरोखरच मत बदलावंसं वाटलं; तो उंबऱ्यातूनच हात लांबवून बाहेरचे आपले बूट उचलून मोरीच्या दाराने अंगणात पसार झाला आणि नंतर आठवडाभर कोणाला दिसला नाही. बाई तेवढ्या टोकाशी गेल्या आणि थबकल्या. समोर खाट, खाटेमागे पिंपं, पिंपांमागे कपाट.

"बाहेर पडायचं दार कुठे आहे?"

"तेच ते," नाहीवाला म्हणाला. "कपाटामागे."

सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. तो हलला नाही. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी त्याच्या मनात हिशोब चालू होता. दार तर उघडलं, पण बाहेर कोणी पडलंच नाही तर मतं शून्य. सचिव खूश होईल. खोली राहील. आपल्याला काही करायचंही नाही, आई चहा पाजतेच आहे. नुसतं हातावर हात ठेवून उभं राहायचं.

तेवढ्यात उघड्या दारातून राष्ट्राध्यक्षांचं हसणं आत आलं. मोठं, मोकळं हसणं. "बघा सभापती," ते म्हणत होते, "मी काय सांगत होतो? यांना साध्या एका खोलीतून बाहेर पडता येत नाही. लोक तयार नाहीत हो. अजून तयार नाहीत."

नाहीवाल्याच्या डोक्यात तिडीक गेली. तयार नाहीत? बापाने हे ऐकलं, मेला. आपण जन्मापासून हे या भिंतीतून ऐकतोय, दर वेळी आवाज तेवढा नवा. तयार नाहीत? माझ्या घरात माणसं जोडे काढून आली, कप नव्हते तर एकमेकांसाठी थांबली, आणि तू बाहेर बसून दात काढतोस?

"आई," तो वाकून म्हणाला, "पाहुणे निघाले. दारापर्यंत सोडायला यायचंय ना तुला?"

"म्हणजे काय! उचल मला."

त्याने खाटेचा एक पाय धरला, दुसरा बायकोने. तिने तो न सांगता, आपणहून धरला, याचं त्याला नंतर कितीतरी दिवस नवल वाटत राहिलं. इकडून वकील, तिकडून दाढीवाले. औषधवाल्यांनी पिंप ढकललं, ते लवंडलं, सगळ्यांचे मोजे भिजले. कपाट सरकलं. दाराचा अडसर गंजलेला, बाईंनी संगमरवरी ओट्यावरचा वरवंटा आणून त्याच्यावर हाणला. दार उघडलं आणि सभापतींच्या खुर्चीशेजारून सभागृहात सगळ्यांत आधी काय बाहेर आलं असेल, तर आईची खाट. आई खाटेवर बसून दोन्ही बाजूंना मान लववत होती. "पुन्हा या हं," ती मागून येणाऱ्या एकेकाला सांगत होती. "सवडीने या."

नाहीवाला दारात उभा राहून डोकी मोजत होता. शेवटचा माणूस बाहेर आला आणि वाळू संपली. होवाल्याने आकडा ओरडला, चौतीस. मग सभापती त्याच्याकडे वळले. जन्मभर कुजबुजलेला तो माणूस. त्याने छाती भरून श्वास घेतला आणि सभागृहाच्या छपरावरची कबुतरं उडतील असा ओरडला, "पस्तीस!"

सचिव उसळला. "हरकत! म्हातारी मोजली आहे!"

गोंधळ माजला. शेवटी सभापतींनी तोड काढली: नाही-दाराबाहेरचे जोडे मोजा. म्हातारी चालत नाही, तिचे जोडे असायचं कारण नाही. सगळ्यांसमोर जोडे मोजले. पस्तीस जोड. विधेयक पडलं! माणसं ओल्या मोज्यांनी एकमेकांच्या गळ्यात पडली. बाहेर रस्त्यावर नाचायला सुरुवात झाली. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत खाटेवरच्या आईचा फोटो, खाली 'लोकशाहीची माता'. आईने फोटो बघून एवढंच म्हटलं, "कपांचा नाही काढला."

सात-आठ दिवस आनंदात गेले. बायको हळूहळू मोठ्याने बोलायला लागली. कुकर मनमोकळ्या शिट्ट्या देऊ लागला. नाहीवाल्याला वाटलं, आता काय, आता तर आपलीच माणसं.

मग बाईंनी ठराव मांडला. वाईट हेतूने नाही हो, तसं म्हणू नका. त्या फार कळकळीने बोलल्या. विरोधाची खोली ही लोकशाहीची पवित्र जागा, तिथे पिंपं आणि कपाटं असणं हा विरोधाचा अपमान आहे, उद्या पुन्हा वेळ आली तर वाट मोकळी हवी. खोली ताबडतोब रिकामी करून तिची डागडुजी करावी. बोलताना त्यांचा आवाज एकदा अडखळला. पाणी प्यायल्या आणि पुढे बोलल्या. राष्ट्राध्यक्षांच्या माणसांनी जोरात बाकं वाजवली. खोली रिकामी होणार याचा त्यांना मनापासून आनंद झाला होता.

बायकोने सामान बांधलं. गावाबाहेर, तिच्या भावाच्या गोदामामागे एक पत्र्याची शेड मिळत होती. मतदानाच्या वेळी सगळं व्हरांड्यात आणून ठेवलं: बोचकी, पिंपं, आणि आईची खाट. आईने फक्त किटली आणि कप बांधू दिले नाहीत.

"आपल्यावरच मत आहे ना आज?" ती म्हणाली. "मग येतील ती माणसं. मी पुन्हा या म्हटलं होतं. त्यांना चहाशिवाय कसं पाठवायचं?"

बायकोने भरून किटली चहा केला आणि रिकाम्या खोलीतल्या ओट्यावर ठेवला. शेजारी कप मांडले.

घंटा वाजली. वाळू उलटी झाली. नाहीवाल्याने दार सताड उघडलं आणि बाजूला उभा राहिला. सभासद उठले. बाई उजवीकडे वळल्या. औषधवाले वळले. वकील वळले. दाढीवाल्यांनी एकदा त्याच्याकडे बघितलं, खिशातून रुमाल काढला, नाक पुसलं आणि तेही वळले. राष्ट्राध्यक्षांचे आणि विरोधातले, पहिल्यांदाच सगळे एका रांगेत, हो-दाराकडे. होवाला मान खाली घालून मोजत होता. नाहीवाला दार धरून उभा. दाराबाहेरची फरशी रिकामी, एकही जोडा नाही. तो वाळू संपेपर्यंत दार धरून उभा राहिला, कारण नियम तसा होता.

"नाहीचा आकडा?" सभापतींनी विचारलं.

तो काहीतरी पुटपुटला.

"मोठ्याने बोला."

"एकही नाही," तो म्हणाला.

मग तो खोलीत गेला, किटली उचलली. जड होती. बायको कप गोळा करून मागून आली. बाहेर व्हरांड्यात आई खाटेवर टेकून बसली होती, केस विंचरलेले. मतदान संपवून सभासद तिच्याच पुढून घोळक्याने निघाले होते.

"आले होते का रे?" आईने विचारलं.

तो खाली वाकला आणि तिच्या कानाशी काहीतरी बोलला.

"हळू काय बोलतोस? आता कोणाला ऐकू जायची भीती आहे? मोठ्याने सांग."

त्याने मान वर केली. समोरून बाई येत होत्या, मागे दाढीवाले, वकील, सगळेच. तो ताठ उभा राहिला आणि पस्तीस ओरडला होता त्याच आवाजात म्हणाला, "आले होते, आई! पुष्कळ आले होते! अगदी थोडक्यात हरलो!"

घोळका जागच्या जागी थांबला. बाई भिंतीकडे बघायला लागल्या.

"चहा पुरला का सगळ्यांना?"

"पुरला. संपला सगळा."

बायकोने त्याच्या हातातली भरलेली किटली काढून घेतली आणि आईला दिसू नये म्हणून पाठीमागे धरली. तोटीतून थोडा चहा फरशीवर सांडला.

"मग ठीक आहे," आई म्हणाली. "हरणं-जिंकणं चालायचंच. घरी आले ना! चला, उचला आता."